कमानीची टोकं

माझ्या डोळ्यांबद्दल मला फार घमेंड होती, आणि ती अगदीच फुकटची नव्हती. सुरतेत, पर्वत पाटियाजवळच्या एका ट्रेसिंगच्या दुकानात मी पाच वर्षं काढली होती. छापायच्या साडीची नक्षी फिल्मवर काळ्या शाईने उतरवायची, ब्रशने, एकेक रंग वेगळा करून, हे आमचं काम. नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा छापली जाते, त्याला आम्ही रिपीट म्हणायचो. एक रिपीट संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथला जोड दिसता कामा नये. जोड दिसला की साडी सेकंडमध्ये, म्हणजे खोट्या मालात, गेली. माझा जोड पाच वर्षांत कुणाला सापडला नाही. दुसऱ्याच्या घरातली तसबीर तिरकी दिसली तर मी पाहुणी म्हणून गेलेली असतानाही उठून सरळ करायचे, आणि आई मला मागून चिमटा काढायची.

नव्वदीच्या उत्तरार्धात आमच्या शेठने संगणक आणला. आम्ही ट्रेसिंगच्या पाच जणी होतो. बाकीच्या चौघी म्हणाल्या, आमचा ब्रश बरा. मी हट्टाने माऊस धरला. पहिले दोन महिने तो उंदीर माझं ऐकेना, मग त्याला कळलं असावं की ही बाई आपल्याहून हट्टी आहे. शेठ कमालीचा हिशेबी होता. संगणक रिकामा बसलेला त्याला बघवत नसे, म्हणून साड्यांखेरीज लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, जे येईल ते काम तो घ्यायचा.

एका दुपारी जिना चढून एक म्हातारे गृहस्थ आले आणि काही न बोलता स्टुलावर बसून राहिले. आमचा जिना जेमतेम अकरा पायऱ्यांचा, पण त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. हाताने 'थांबा, सांगतो' अशी खूण करून त्यांनी पिशवीतून एक जाड वही आणि फ्लॉपींचा एक डबा काढला. ते एका सरकारी बँडमधून निवृत्त झालेले मास्तर होते. परदेशातल्या भाच्याने त्यांना संगीत लिहायचा प्रोग्राम पाठवला होता, पाच रेषांवरचे सूर, खुणा, सगळं छापल्यासारखं काढणारा. प्रोग्राम होता, पण संगणक नव्हता, आणि शहरातल्या सगळ्या संगणकवाल्यांनी वही बघून हात जोडले होते.

शेठने माझ्याकडे बघितलं. "बेन, आ तमने फावशे?"

"फावशे," मी म्हटलं. वही मी अजून उघडलीही नव्हती. जमणार नाही असं कुणी म्हणायच्या आत जमेल म्हणून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड.

माझ्या गुजरातीतला खान्देश मास्तरांना लगेच ऐकू आला. "कोनतं गाव व तुनं?" त्यांनी विचारलं. मी अमळनेरजवळचं आमचं गाव सांगितलं. ते धुळ्याकडचे निघाले. तेव्हापासून आमचं सगळं बोलणं अहिराणीत, आणि शेठ बिचारा मधे बसून आमच्या तोंडाकडे बघायचा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. लूमवर काम करणारे, टेम्पो चालवणारे असे आपल्याकडचे सहा जण त्यांच्याकडे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट शिकत होते. लग्नात कानाने ऐकून वाजवायचं त्या सगळ्यांना येत होतं. मास्तरांना त्यांनी कागद वाचून वाजवावं असं वाटत होतं, म्हणजे न ऐकलेलंही वाजवता येईल. इतकी वर्षं ते स्वतः वाजवून दाखवायचे. आता दोन ओळींपुढे दम पुरत नव्हता, आणि डॉक्टरने वाद्य खुंटीला टांगायला सांगितलं होतं. तेव्हा जे दाखवायचं ते इथून पुढे कागदालाच दाखवावं लागणार होतं. वहीत चाळीस पानं होती, म्हणजे चाळीस धडे. ते चुकले तर सुधारायला मास्तर समोर वाजवणार नव्हते. हे त्यांनी मला जितक्या सरळ सांगितलं तितक्याच सरळ मी ऐकलं, पण जिन्याच्या अकरा पायऱ्या ते उतरून जाईपर्यंत मला खिडकीपासून हलवेना.

सूर बसवायला मला मुळीच त्रास झाला नाही. पाच रेषा आणि त्यांवर ठिपके, हे तर ग्राफच्या कागदावरचंच काम. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण ठिपका कुठल्या रेषेवर आणि कुठल्या मधल्या जागेत आहे हे बघायला गाणं कशाला लागतं? मास्तर एकेक पान तपासून जायचे आणि सुरांची चूक एकही निघायची नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचे.

राग आला तो कमानींचा. सुरांच्या डोक्यावरून किंवा खालून एक बाकदार रेष जाते, या सुरावरून त्या सुरापर्यंत. मास्तर तिला स्लर म्हणायचे, मी कमान म्हणायचे. वहीत मास्तरांनी त्या टाकाने ओढल्या होत्या, कुठे लांब, कुठे आखूड, एक पसरट, तर शेजारची उंटाच्या पाठीसारखी. संगणकाने काढलेल्या तर त्याहून वाईट. लांब कमान सुरांच्या डोक्यातून आरपार जायची आणि आखूड कमान उगाच फुगून बसायची. प्रोग्राममध्ये कमानीवर टिचकी मारली की तिच्यावर तीन बारके चौकोन उमटत, दोन टोकांना आणि एक मधे. ते धरून ओढले की कमान हवी तशी वाकायची. हे चौकोन सापडले त्या दिवशी मी दुपारचा डबा खायची विसरले.

आणि मग मी माझं ट्रेसिंगचं डोकं चालवलं. एका पानावर वीस कमानी, आणि वीसही वेगवेगळ्या? असा गबाळा माल मी आयुष्यात हाताखालून जाऊ दिला नव्हता. मी तीन मापं ठरवली, लहान, मधली आणि मोठी. वहीतली प्रत्येक कमान या तीन मापांपैकी एकात बसवली. एखादी सूरभर पुढे गेली, एखादी सूरभर आधी संपली, दोन चिमुकल्या शेजारी शेजारी दिसल्या तर त्यांची एक ऐसपैस केली. पानाच्या वरपासून खालपर्यंत सगळ्या कमानींची टोकं मी एका उभ्या रेषेत आणली. फूटपट्टी लावून तपासलं. चाळीस पानं छापून निघाली तेव्हा शेठ एक पान उजेडात धरून म्हणाला, "वाह बेन! आ तो साडी पर छपाय एवुं छे!" मला वाटलं, याहून मोठी शाबासकी ती कुठली.

सुटीच्या दिवशी सकाळी मास्तरांनी मला तालमीला बोलावलं. एका लूमच्या गाळ्याच्या माडीवर, कापडाच्या ताक्यांवर बसून सहा जण वाजवायचे. मी कौतुक करून घ्यायच्या तयारीने नवी साडी नेसून गेले. मास्तरांनी पानं वाटली आणि बोटाने ठेका धरला.

तिसऱ्या ओळीत ट्रम्पेटवाला लालबुंद झाला, कारण माझी कमान संपायचं नाव घेईना. क्लॅरिनेटवाल्याने भलत्याच जागी श्वास घेतला आणि सुरावट मधेच मोडली. मागचा एक जण वाजवायचं थांबून चक्क हसायला लागला. मास्तरांनी हात वर केला, चष्मा पुसला, माझं पान आणि वही शेजारी शेजारी धरली.

"हाई काय करं व तू?" ते म्हणाले. "देखाले भारी शे, पन खोटं शे. साडीनी किनार काढी का तू?"

सहाच्या सहा जण माझ्याकडे बघत होते. नवी साडी मला टोचायला लागली. शरमेपेक्षा मला राग आधी येतो, तसाच तेव्हाही आला. "मंग पहिलेच सांगाले जोयतं ना, मास्तर!" मी म्हटलं. "माले काय माहीत, आठे लोके दम लेतस म्हनीसन!"

मास्तर हसले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता त्यांनी पेटीतून क्लॅरिनेट काढलं. डॉक्टरने नाही म्हटलेलं. कमानीच्या पहिल्या सुराला जिभेचा स्पर्श करायचा, मग कमान संपेपर्यंत जीभ लावायची नाही आणि दम तोडायचा नाही, एवढं सांगून त्यांनी पहिल्या धड्याच्या दोन ओळी वाजवल्या. सुरांतला फरक मला फारसा कळला नाही, पण मी त्यांचे खांदे बघत होते. वहीतली कमान जिथे संपत होती बरोबर तिथे त्यांचे खांदे वर उचलले जात होते. मी ज्या रेषांना किनार समजून सरळ केलं होतं, त्या एका माणसाच्या श्वासाच्या रेषा होत्या. दोन ओळी झाल्यावर त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ ते काही बोलू शकले नाहीत. मला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत आणि साड्यांचं काम नसेल तेव्हा. आता नियम एकच, वहीत कमान जिथे सुरू होते तिथे सुरू आणि जिथे संपते तिथे बंद. पहिले काही दिवस त्या वेड्यावाकड्या कमानी काढताना माझे हात आखडायचे. मग हळूहळू मजा यायला लागली. सूर चढत गेले तर कमानीचा फुगवटा पुढे सरकवावा लागतो, मधे एखादाच सूर उंच असला तर मधला चौकोन थोडा वर ओढून त्याला डोकं काढायला जागा द्यावी लागते, पण इतका वर नाही की कमान वरच्या ओळीत घुसेल. टोक सुराच्या जवळ यावं, चिकटू नये. मधे जाड, टोकांना बारीक, हे तर माझ्या ब्रशलाही ठाऊक होतं. पानावर वीस कमानी, वीसही वेगळ्या, आणि तरी पान गबाळं दिसत नव्हतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

तीन आठवड्यांनी तीस पानं घेऊन मी तालमीला गेले. शेवटची दहा अजून व्हायची होती. या वेळी ट्रम्पेटवाला लाल झाला नाही. सहा जण कागदात डोळे घालून एकाच जागी दम घेत होते, सहा जणांचे खांदे एकदम वर जात होते, आणि मी ताक्यांवर बसून ते बघत होते. मला इतका आनंद झाला की मी उगाचच इकडेतिकडे बघून तो लपवला.

तीस धडे संपल्यावर मास्तर म्हणाले, बास आज. पण त्या सहांत कोसाडचा एक टेम्पोवाला होता, तिशीतला, दिवसभर ताके खांद्यावर टाकून जिने चढणारा. त्याच्याजवळ माझी आधीची, चुकीची पानं अजून होती. हौस म्हणून त्याने अडतिसावा धडा काढला आणि वाजवायला लागला. त्यात वहीतल्या दोन-दोन आखूड कमानींची मी एकेक ऐसपैस कमान करून ठेवली होती. टेम्पोवाल्याने ती एका दमात पार केली. मग दुसरी, मग तिसरी. माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळलं की इथे काहीतरी मोकळं झालं. बाकीचे आपापली वाद्यं पुसायचे थांबले होते.

"थांब!" मास्तर ओरडले. "तठे दोन स्लर शेतस. वही देख."

"पन मास्तर," टेम्पोवाला म्हणाला, "एकच दममा चांगलं वाजस."

"वहीमा जे शे तेच वाजाड."

मी वही मांडीवर घेऊन पानं उलटत होते. पहिलं पान, दहावं, विसावं, पस्तिसावं. ज्या डोळ्यांना जोड शोधायची सवय असते त्यांना असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. पहिल्या पानांवर लांबलचक कमानी होत्या. पुढे त्या आखूड होत गेल्या होत्या. शेवटच्या दहा पानांवर दोन-दोन, तीन-तीन सुरांच्या चिमट्या. मी विचारलं, वही कधी लिहिली. मास्तर म्हणाले, मूळची तीस वर्षांपूर्वीची, पण ती वाळवीने खाल्ली. गेल्या दोन वर्षांत ते रोज थोडं वाजवून बघत आणि आठवून पुन्हा उतरवत. शेवटचं पान यंदाच झालं.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी म्हटलं, "मास्तर, ह्या धाकल्या कमानी गानान्या नही शेतस. जठे तुमना दम सरना, तठे कमान सरनी."

मास्तरांनी माझ्या मांडीवरून वही उचलली, पिशवीत घातली, आणि कठड्याला धरत धरत जिना उतरून गेले. कुणी त्यांच्यामागे जायची हिंमत केली नाही.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "उचलली जीभ लावली टाळ्याला." त्या दिवसांत मी साड्यांच्या किनारी काढत होते आणि मन कुठेच लागत नव्हतं. संगणकात तीस पानं पडून होती. दहा पानांवाचून ते पुस्तक लंगडं होतं, आणि ते लंगडं राहिलं तर त्याला कारण माझं तोंड, हे मला पक्कं कळत होतं. त्यांच्या घरी जाऊन माफी मागावी असं रोज ठरवायचे. पण माफी मागायची तर बोलले ते खोटं होतं असं म्हणावं लागलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. अशा कात्रीत मी जवळजवळ दोन आठवडे काढले.

मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दोन माणसांची. मास्तर आले, स्टुलावर बसले, दम खाल्ला. मागे टेम्पोवाला क्लॅरिनेटची पेटी घेऊन उभा. मास्तरांनी वही माझ्यासमोर उघडली. शेवटच्या दहा पानांवर एकही कमान नव्हती. सगळ्या खोडरबराने आणि ब्लेडने खरवडून काढलेल्या, कागद कुठे कुठे पार विरलेला.

"मी मना रोग लिखी राहिंतू, माय," ते म्हणाले. "माले समजनंच नही."

मला रडू आलं. मी ते थांबवलं नाही, नाक पुसलं आणि संगणक सुरू केला.

त्या दुपारी आमच्या दुकानात क्लॅरिनेट वाजलं. शेठ धावत वर आला. "हवे अहीं बेंड पण वागशे?" आता इथे बँडही वाजणार का, असं म्हणून तो जो दारात उभा राहिला तो उभाच राहिला. रस्त्यावरचे दोन-चार दलालही जिन्यात येऊन थांबले. टेम्पोवाला वाजवायचा. मास्तर डोळे मिटून एक हात वर धरायचे. हात खाली आला की तो सूर मी पडद्यावर शोधायचे आणि कमानीचं टोक ओढत तिथपर्यंत न्यायचे. मला वाटलं होतं, टेम्पोवाल्याचा दम जिथवर पुरेल तिथवर कमान. पण तसं नव्हतं. कित्येक ठिकाणी त्याच्या छातीत अजून पुष्कळ हवा असताना मास्तरांचा हात खाली यायचा. टेम्पोवाला कुरकुरला, तर ते म्हणाले, दम आहे म्हणून कुणी ओढत बसत नाही, वाक्य संपलं की थांबतो. आणि दुसरीकडे, जिथे त्याला धाप लागत होती तिथेही हात वरच राहायचा. असं चार दुपारी चाललं.

चाळिसावा धडा आला. सुरावट सुरू झाली, मास्तरांचा हात वर गेला, आणि खाली येईना. मी टोक धरून सरकत होते, एक सूर, आणखी एक, पुढचे चार.

"आखो?" मी विचारलं. अजून?

"आखो," मास्तर म्हणाले. त्यांचा स्वतःचा श्वास त्यांनी रोखून धरला होता हे मला दिसत होतं, पण मी टोक सरकवत राहिले. शेवटच्या सुराला हात खाली आला. चाळीस पानांतली सगळ्यात लांब कमान ती. मी मधला चौकोन धरून तिला हळूच वर उचललं, खालचा एकही सूर तिला लागणार नाही इतकं.

पुढच्या सुटीला मी चाळीस पानांचे सात गठ्ठे शिवून माडीवर नेले. मास्तरांसाठी नेहमीसारखी पुढे खुर्ची मांडलेली होती. त्यांनी गठ्ठे वाटले, एक आपल्याजवळ ठेवला, आणि टेम्पोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खुर्चीकडे ढकललं.

"आते तू शिकाड."

"मी?" टेम्पोवाला म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी पानाकडे बोट दाखवलं. तो खुर्चीत बसला नाही, तिच्यापाशी उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, पहिलं पान काढा.

मास्तर सगळ्यांच्या मागे ताक्यांवर जाऊन बसले, चष्मा लावला, आणि इतरांसारखं त्यांनीही पहिलं पान काढलं.